यूथिफ्रोच्या खुर्चीत बसून

नोकरीतून निवृत्त झाल्यावर तत्त्वज्ञान वाचायचे असे मी फार पूर्वी ठरवून ठेवले होते आणि त्या तयारीसाठी अप्पा बळवंत चौकातून पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचा एक जाडजूड जुना ग्रंथ आणूनही ठेवला होता. ३३ वर्षे शाळेत गणित शिकवण्यात गेल्यामुळे पहिल्या पानापासून निघून क्रमाने पुढे जाणे ही अभ्यासाची एकच रीत मला ठाऊक होती. त्या रीतीप्रमाणे मी थेलिसपासून निघाले, सर्व काही पाण्यापासून झाले हे त्याचे मत टिपून घेतले, मग हेराक्लिटसचा सतत बदलणारा प्रवाह, पार्मेनिडीसचे कधीच न बदलणारे अस्तित्व, डेमोक्रिटसचे अणू अशी एकेक नोंद वहीत करत गेले आणि चार महिन्यांनी कांटपाशी येऊन थांबले. वही भरली होती. कोण काय म्हणाला असे कोणी विचारले असते तर मी दहा ओळींची टीप लिहून दिली असती. परंतु गणिताच्या पुस्तकातील एकही उदाहरण न सोडवता शेवटची उत्तरांची पाने पाठ करावीत, तसे काहीसे माझे झाले होते. पाणी हे ज्या प्रश्नाचे उत्तर होते, तो प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

त्यानंतर त्याच चौकातून एक पातळसे पुस्तक आणले, ज्यात प्लेटोचे काही छोटे संवाद इंग्रजी भाषांतरात होते. गेली दीड वर्षे आम्ही पाच जण रविवारी सकाळी एरंडवण्यातील आमच्या घरी जमून हे संवाद वाचत आहोत. फौजदारी वकिली करून निवृत्त झालेले एक वकीलकाका आहेत, शेजारच्या वहिनी आहेत, बँकेतून निवृत्त झालेले एक जोडपे आहे आणि मी. पात्रे वाटून घेऊन मजकूर मोठ्याने वाचायचा, अडले की थांबायचे आणि मग मराठीत बोलायचे, एवढाच आमचा नियम. प्रत्येकाच्या हातातील भाषांतर वेगळे असते, पण त्याने अडत नाही, कारण १५७८ साली एस्तिएन या मुद्रकाने काढलेल्या आवृत्तीचे पृष्ठक्रमांक आजही प्रत्येक चांगल्या भाषांतराच्या समासात छापलेले असतात. ‘दहा अ’ म्हटले की पाचही जण एकाच वाक्यावर येतात.

तत्त्वज्ञानाचा परिचय करून घेऊ पाहणाऱ्या माणसाने कुठून सुरुवात करावी, असे मला कोणी विचारले तर मी आता निःशंकपणे हे छोटे संवाद पुढे करते. मात्र त्यांत शिरायची जागा कोणती, हे मला बरेच उशिरा कळले. या संवादांत प्लेटोचा गुरू सॉक्रेटिस कोणाला तरी प्रश्न विचारत असतो, आणि आपण सगळेच नकळत त्याच्या बाजूला जाऊन बसतो. त्याचे प्रश्न वाचताना आपणच ते विचारत आहोत असे वाटू लागते, समोरचा माणूस गडबडला की आपल्याला गंमत वाटते, आणि पुस्तक मिटताना आपण फार हुशार झालो असा समज होतो. ही जागा आरामाची असली तरी तिथे बसून काही शिकता येत नाही. ज्याला प्रश्न विचारले जात आहेत, ज्याला उत्तर येते अशी खात्री आहे आणि ज्याचे उत्तर चार वाक्यांत कोलमडणार आहे, त्याच्या खुर्चीत बसून हे संवाद वाचले पाहिजेत.

‘यूथिफ्रो’ हा त्यासाठी सर्वांत चांगला संवाद आहे. काळ इ.स.पू. ३९९, स्थळ अथेन्समधील एका दंडाधिकाऱ्याच्या कचेरीबाहेरचा स्तंभमंडप. सॉक्रेटिसवर तरुणांना बिघडवल्याचा आणि नगराचे देव न मानता नवी दैवते आणल्याचा आरोप मेलिटस नावाच्या तरुणाने ठेवला आहे, आणि त्या प्रकरणासाठी सॉक्रेटिस तिथे आला आहे. त्याला यूथिफ्रो भेटतो. देवाधर्मातले आपल्याइतके कोणाला कळत नाही असे मानणारा हा माणूस आपल्या स्वतःच्या वडिलांवर मनुष्यवधाचा खटला भरायला आला आहे. नॅक्सॉस बेटावरील त्यांच्या शेतावर एका मजुराने दारूच्या नशेत त्यांच्या एका गुलामाला ठार केले; वडिलांनी त्या मजुराला हातपाय बांधून खड्ड्यात टाकले आणि पुढे काय करावे हे धर्मशास्त्राच्या जाणकाराला विचारायला माणूस अथेन्सला पाठवला; तो परत येण्याआधीच भूक, थंडी आणि बंधने यांनी मजूर मेला.

आमच्या बैठकीत पहिल्या रविवारी आम्ही या प्रसंगापुढे गेलोच नाही. बँकेतील गृहस्थांना मुलाने वडिलांना कोर्टात खेचणे हेच इतके असह्य वाटले की यूथिफ्रो हा दांभिक मूर्ख आहे, असा निकाल त्यांनी चहा येण्यापूर्वीच देऊन टाकला. बहुतेक वाचकांचाही तो निकाल असतो. तेव्हा वहिनींनी शांतपणे विचारले की या सगळ्यात त्या मजुराबद्दल कोणीच काही का बोलत नाही. आम्ही मागे जाऊन पाहिले, तर बोलणारा एकच जण होता, आणि तो यूथिफ्रो. मेलेला माणूस घरचा आहे की परका यावरून फरक पडतो असे समजणे हास्यास्पद आहे, मारणाऱ्याने न्यायाने मारले की नाही एवढेच पाहायचे असते, असे तो सॉक्रेटिसला स्पष्ट सांगतो. हे वाक्य मी दोन वेळा वाचून पुढे गेले होते. यूथिफ्रोला मूर्ख ठरवण्याची घाई केली की हे हातून निसटते, आणि मग पुढचा सगळा संवाद एका शहाण्याने एका मूर्खाची केलेली थट्टा होऊन बसतो. या माणसाजवळ एक चांगली गोष्ट आहे आणि ती चांगली का, हे मात्र त्याला सांगता येत नाही; आपल्यापैकी बहुतेकांची अवस्था याहून फार वेगळी नसते.

सॉक्रेटिस विचारतो ते एवढेच: तू जे करतो आहेस ते धर्माला धरून आहे अशी तुझी खात्री आहे, तर धर्माला धरून असणे म्हणजे काय ते मला सांग. मूळ शब्द ‘होसिऑन’ असा आहे आणि मराठीत त्याला काय म्हणावे यावर आमचे अर्धा तास भांडण झाले. पावित्र्य म्हटले की सोवळे आठवते, धार्मिकता म्हटले की पूजाअर्चा, आणि पुण्य म्हटले की ते पदरी साठवायची वस्तू होते. शेवटी पुण्य या शब्दावरच समेट झाला. (पुण्यात राहून पुण्याचा अर्थ ठरत नाही, हा विनोद वकीलकाकांनी केला आणि आम्ही तो तेवढ्यापुरता माफ केला.) भांडणाचा उपयोग असा झाला की व्याख्या मागणे म्हणजे शब्दकोशातील अर्थ मागणे नव्हे, हे संवादात शिरण्यापूर्वीच आम्हाला उमगले.

यूथिफ्रोचे पहिले उत्तर म्हणजे ‘मी आत्ता करतो आहे ते’. हे उदाहरण झाले, व्याख्या नव्हे. सम संख्या म्हणजे काय असे विचारल्यावर ‘चार’ असे सांगणारी मुले मी आयुष्यभर पाहिली आहेत. दुसरे उत्तर असे की देवांना जे प्रिय ते पुण्य. पण देवांची आपापसात भांडणे होतात असे यूथिफ्रोच मानतो, तेव्हा एकाला प्रिय ते दुसऱ्याला अप्रिय असणार. मग तो दुरुस्ती करतो: सर्व देवांना जे प्रिय ते पुण्य. आणि इथे सॉक्रेटिस तो प्रश्न विचारतो, ज्याच्यासाठी हा संवाद चोवीसशे वर्षे वाचला जात आहे. एखादी गोष्ट पुण्य आहे म्हणून देवांना प्रिय असते, की देवांना प्रिय असते म्हणून ती पुण्य ठरते?

ग्रीक मजकुरात हा भाग फार क्लिष्ट आहे. वाहून नेली जाणारी वस्तू आणि वाहून नेणे, पाहिली जाणारी वस्तू आणि पाहणे अशा कर्मणी प्रयोगांच्या साखळीतून तो युक्तिवाद जातो आणि इंग्रजीत वाचताना आम्ही पाचही जण त्यात हरवलो. वाट सापडली ती मराठीतील एका साध्या शब्दामुळे. मूल लाडके असते म्हणून त्याचे लाड होतात, की लाड होतात म्हणून ते लाडके? उघडच दुसरे. लाड बंद करा, मूल लाडके उरणार नाही. लाडकेपण मुलाच्या अंगी नसते, ते लाड करणाऱ्याकडून येते. आता गुणी मूल घ्या. ते गुणी आहे म्हणून त्याचे कौतुक होते. कौतुक करणारे घर सोडून गेले तरी ते गुणीच राहते. सॉक्रेटिसचा प्रश्न असा आहे की पुण्य हे लाडक्या मुलासारखे आहे की गुणी मुलासारखे. देवांच्या आवडीमुळेच पुण्य ठरत असेल, तर देवांची आवड बदलताच उद्या चोरीही पुण्य होईल. आणि ते गुणी मुलासारखे असेल, तर देवांना ते का आवडते याचे कारण त्या कृतीतच शोधावे लागेल, आणि ‘देवांना प्रिय’ हे उत्तर आपल्याला काहीच सांगत नाही. यूथिफ्रोला हा गुणी मुलाचा पर्याय मान्य आहे आणि तिथेच त्याची व्याख्या कोसळते. या प्रश्नात देवांच्या जागी शास्त्र, कायदा, समाज किंवा वडीलधारी माणसे असे काहीही घालून पाहा, प्रश्न तसाच उभा राहतो. त्या रविवारी मला पहिल्यांदा वहीत टिपून ठेवता येणार नाही असे काहीतरी हाती लागले.

संवादाच्या उत्तरार्धात यूथिफ्रो म्हणतो की देवांकडे मागावे कसे आणि त्यांना द्यावे कसे याचे ज्ञान म्हणजे पुण्य, आणि सॉक्रेटिस त्याला विचारतो की मग हा देव आणि माणूस यांच्यामधला एक प्रकारचा व्यापारच नाही का. आपल्याकडे नवस हा शब्द असल्यामुळे हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. आपल्या देण्याचा देवांना काय लाभ, या प्रश्नावर यूथिफ्रो मान, आदर, प्रसन्नता असे शब्द वापरतो आणि फिरून ‘देवांना प्रिय’पाशी येऊन पोहोचतो. पुन्हा पहिल्यापासून पाहू या, असे सॉक्रेटिस म्हणताच त्याला दुसरीकडे जायची घाई असल्याचे आठवते. संवाद संपतो, पुण्य म्हणजे काय हे कोणीच सांगत नाही.

वकीलकाकांनी इथे आपला आक्षेप रीतसर नोंदवला. त्यांच्या मते ही सरळसरळ उलटतपासणी आहे, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आधीपासून माहीत नाही तो प्रश्न उलटतपासणीत विचारायचा नसतो, हे पहिल्या वर्षाच्या वकिलालाही ठाऊक असते. तेव्हा ‘मला काहीच माहीत नाही’ हे सॉक्रेटिसचे म्हणणे निव्वळ कांगावा आहे. शिवाय स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचा पक्ष पाडत राहणे याला आपल्याकडे एक नावही आहे, असे ते म्हणाले. ते खरे आहे. न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, म्हणजे न्यायसूत्रांत, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य जाणण्यासाठी केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प, आणि ज्यात आपली बाजू मांडलीच जात नाही अशी वितंडा. मराठीत वितंडवाद हा शब्द आज शिवीसारखा वापरला जातो, पण मुळात ती चर्चेच्या एका रचनेची अगदी नेमकी व्याख्या आहे, आणि ‘यूथिफ्रो’ त्या व्याख्येत चपखल बसतो.

या आक्षेपावर मी बरेच दिवस विचार केला. मला सापडलेला फरक असा की वितंडा करणाऱ्याला समोरचा माणूस मनापासून बोलतो आहे की नाही याच्याशी कर्तव्य नसते, तर सॉक्रेटिसचा नेमका तोच एक आग्रह असतो. ‘प्रोटागोरस’ या संवादात त्याच नावाचा वृद्ध पंडित एका ठिकाणी कंटाळून म्हणतो की तुझी इच्छा असेल तर तसे समजू या, आणि सॉक्रेटिस ते उत्तर स्वीकारत नाही. ‘इच्छा असेल तर’ या शब्दांची परीक्षा मला करायची नाही, तुझी आणि माझी करायची आहे, असे तो सांगतो. साक्षीदार कोर्टापुढे जे बोलतो त्यावर वकिलाचे काम भागते, इथे माणसाला स्वतःला जे पटते तेच बोलायचे असते. वकीलकाकांचे यावर समाधान झालेले नाही आणि काही संवादांपुरते त्यांचे म्हणणे बरोबर आहे असे मलाही वाटते. सॉक्रेटिस कधी कधी शब्दाचा अर्थ मधेच बदलतो, कधी घाईने पुढची पायरी गाठतो. नव्या वाचकाने त्याला अशा ठिकाणी अवश्य पकडावे. आदरापोटी सोडून देऊ नये.

हे सगळे आपल्या उपनिषदांत आहेच की, असे पुण्यात कोणी ना कोणी म्हणतेच. संवाद आहेत, हे खरे. पण तिथे बहुधा ज्याला माहीत नाही तो विचारतो आणि ज्याला माहीत आहे तो सांगतो: नचिकेता विचारतो, यम सांगतो, मैत्रेयी विचारते, याज्ञवल्क्य सांगतो. प्लेटोच्या या छोट्या संवादांत ती दिशा उलटी आहे. माहीत नाही म्हणणारा विचारतो आणि माहीत आहे म्हणणारा उत्तरे देता देता रिकामा होतो. आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळ जाणारा प्रसंग छांदोग्यात आहे, जिथे बारा वर्षे शिकून ताठ मानेने घरी आलेल्या श्वेतकेतूला वडीलच एक प्रश्न विचारतात आणि त्याचे ताठरपण उतरवतात. मात्र पुढे उत्तर वडीलच देतात. कोणती रीत श्रेष्ठ हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. नवशिक्याला कशाने प्रश्न पडतो, एवढेच मी पाहते आहे.

‘मेनो’ हा संवाद माझ्या विशेष प्रेमाचा आहे आणि त्याचे कारण अर्थातच भूमिती. थेसलीहून आलेला तरुण मेनो आल्या आल्या विचारतो की ‘अरेते’ शिकवता येते का, की ती सरावाने येते, की जन्मतःच असते. भाषांतरकार याला सद्गुण म्हणतात, पण मला नुसता गुण हा शब्द अधिक जवळचा वाटतो, कारण घोड्याची किंवा डोळ्याचीही अरेते असू शकते आणि आपल्याकडे औषधालाही गुण येतो. शिवाय मेनोचा प्रश्न आपल्या एका म्हणीत आधीच अर्धा सोडवलेला आहे: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. वाण जन्माचा, गुण संगतीचा. मेनोने सांगितलेल्या पर्यायांत संगत हा पर्याय नव्हता, पण पुढे संवादात ॲनिटस नावाचा मातब्बर माणूस जवळपास हेच म्हणतो की अथेन्समधील कोणत्याही भल्या माणसाच्या सहवासात मुलगा चांगला होईल. त्यावर सॉक्रेटिस थोर पुरुषांच्या सामान्य निघालेल्या मुलांची यादी काढतो. आयुष्यभर त्याच गोठ्यात बांधूनही यांना गुण का लागला नाही? ॲनिटस चिडतो, लोकांची निंदा करताना जपून राहा असे सुनावतो. सॉक्रेटिसवरील खटल्यातील तीन फिर्यादींपैकी हा एक, हे लक्षात घेतले की त्या सूचनेचा आवाज बदलतो.

मेनोची व्याख्या तीनदा मोडल्यावर तो सॉक्रेटिसला अंगाला बधिरपणा आणणाऱ्या माशाची उपमा देतो आणि म्हणतो की जे अजिबात माहीत नाही ते शोधणार तरी कसे, आणि सापडले तरी ओळखणार कसे. उत्तरादाखल सॉक्रेटिस मेनोच्या नोकरांतील एका गुलाम मुलाला बोलावतो आणि जमिनीवर दोन फूट बाजूचा चौरस काढतो. क्षेत्रफळ चार. याच्या दुप्पट, म्हणजे आठ क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू किती? मुलगा बेधडक सांगतो, चार. त्याचे सोळा होतात. मग म्हणतो, तीन. त्याचे नऊ होतात. मग म्हणतो, मला नाही माहीत.

आठवीतील एका नातेवाइकाच्या मुलावर मी हा प्रयोग करून पाहिला. त्याने पहिली दोन उत्तरे हुबेहूब तीच दिली, आणि नंतर फोन काढला. अडीचचा वर्ग सव्वासहा; २.८ चा ७.८४, २.८३ चा ८.००८९. कधी आठाच्या खाली, कधी वर, आठ काही येईना. तेव्हा मी त्याला संवादातलेच वाक्य ऐकवले: मोजायचे नसेल तर कोणत्या रेषेवरून ते नुसते दाखव. हे वाक्य प्लेटोने फार जाणून घातले आहे, कारण ती बाजू कोणत्याही पूर्णांकात किंवा अपूर्णांकात सांगताच येत नाही, दाखवता मात्र येते. मुलाने थोडा वेळ कागदाकडे पाहिले, आधी काढलेला सोळाचा मोठा चौरस कापून घेतला आणि त्याचे चारही कोपरे घडी घालून मध्याशी आणले. सोळाचे निम्मे आठ, आणि घडीची प्रत्येक रेघ म्हणजे लहान चौरसाचा कर्ण. सॉक्रेटिस त्या मुलाकडून कर्णापर्यंत पोहोचतो तोही याच चार निम्म्या तुकड्यांच्या मार्गाने.

ही गोष्ट मी सांगितली तेव्हा बँकेतील काकू म्हणाल्या की आपल्या बौधायनाने हे प्लेटोच्या आधीच सांगून ठेवले आहे. त्यांचे बरोबर आहे. ‘समचतुरस्रस्याक्ष्णयारज्जुर्द्विस्तावतीं भूमिं करोति’, चौरसाच्या कर्णावर ताणलेली दोरी दुप्पट क्षेत्र देते, असे वेदी बांधण्याचे नियम देणारे त्याचे शुल्बसूत्र सांगते आणि याहून नेटके विधान मला माहीत नाही. पण सूत्रात चार आणि तीन ही दोन चुकीची उत्तरे नाहीत. वेदी बांधणाऱ्याला त्यांची गरजही नाही. मेनोला मात्र गरज होती, कारण मुलगा ‘माहीत नाही’ म्हणतो त्या क्षणी सॉक्रेटिस मेनोकडे वळून विचारतो की याला बधिर करून आपण याचे नुकसान केले का. मघाशी हा दुप्पट क्षेत्राला दुप्पट बाजू असे दहा जणांत ठासून सांगत सुटला असता, आता तो शोधायला तरी निघेल. वकीलकाकांनी अर्थातच हरकत घेतली की यानंतरचे सगळे सूचक प्रश्न आहेत आणि मुलगा फक्त ‘होय’ म्हणतो आहे. हरकत मान्य. यावरून आत्म्याला सर्व काही पूर्वजन्मापासून आठवते असे सिद्ध करायचे असेल तर हा पुरावा तोकडा आहे. पण चुका दोन्ही त्या मुलाच्या स्वतःच्या होत्या, आणि माझ्यापुरता मेनोच्या कोड्याचा तेवढा तुकडा सुटला. त्या मुलाचे नाव मात्र प्लेटोने दिलेले नाही, तो फक्त ‘मुलगा’ आहे. वहिनींनी मजुराच्या शेजारी त्याचीही नोंद करून ठेवली आहे.

बाकीच्या संवादांविषयी थोडक्यात सांगते. सॉक्रेटिसचे न्यायालयातील भाषण आणि ‘क्रायटो’ हे ‘यूथिफ्रो’च्या पाठोपाठ वाचावेत, कारण तिन्हींत एकाच खटल्याची कथा पुढे सरकते. सुमारे ५०० न्यायसदस्यांपैकी केवळ तीस मते इकडची तिकडे झाली असती तर आपण सुटलो असतो, हे तो स्वतः सांगतो तेव्हा आमचे वकीलकाका बराच वेळ गप्प होते. ‘रिपब्लिक’ने सुरुवात करू नये. त्याचे पहिले प्रकरण या छोट्या संवादांसारखे आहे, पण पुढच्या नऊ प्रकरणांत समोरचे लोक बहुतेक वेळ मान डोलावतात आणि आपण बसावे अशी खुर्चीच उरत नाही. ‘पार्मेनिडीस’ हा अवघड संवाद तर काही वर्षांसाठी कपाटातच ठेवावा.

सध्या आमच्याकडे ‘लॅकीस’ चालू आहे. दोन वडील आपल्या मुलांना चिलखत घालून लढण्याचे शिक्षण द्यावे की नाही हे विचारायला निकियस आणि लॅकीस या दोन सेनापतींकडे आले आहेत. आमचे वडील मोठ्या कामांत गुंतले होते, त्यांनी आमच्याकडे लक्ष दिले नाही, निदान आमच्या मुलांचे तसे होऊ नये, असे ते संकोचाने सांगतात. दहावीनंतर कोणता क्लास लावावा हे विचारायला पालक माझ्याकडे येत, त्यांचा स्वर मला यात जसाच्या तसा ऐकू आला. बोलणे वळते ते शौर्य म्हणजे काय यावर. ग्रीक शब्द ‘आन्द्रेइआ’ हा पुरुष या शब्दापासून आला आहे, आपल्या पौरुषासारखा. रांग न सोडता शत्रूशी लढतो तो शूर, असे लॅकीस म्हणतो, आणि ते मोडल्यावर मनाचा धीर म्हणजे शौर्य असे दुसरे उत्तर देतो. मराठीत धैर्य हा शब्द वापरला की हे दुसरे उत्तर शब्दातच येऊन बसते, म्हणून भाषांतर करताना आम्हाला तो मुद्दाम टाळावा लागला. मग सॉक्रेटिस विचारतो की पोहण्या-बुडण्याचे कसब नसताना जो विहिरीत उतरून बुडी मारतो तो कसबी माणसापेक्षा अधिक शूर म्हणायचा का. लॅकीस वैतागतो, शौर्य म्हणजे काय हे मनात मला कळते आहे, पण शब्दांत पकडायला गेलो की निसटते, असे तो म्हणतो. फळ्यापाशी खडू हातात धरून नेमके हेच म्हणणारी कितीतरी मुले मला आठवली, आणि त्यांना मी दर वेळी काय उत्तर दिले तेही आठवले: सांगता येत नाही म्हणजे येत नाही. लॅकीसला मी आता तसे म्हणू शकत नाही.

निकियसचे उत्तर अधिक विद्वत्तेचे आहे, कशाची भीती बाळगावी आणि कशाची नाही याचे ज्ञान म्हणजे शौर्य. या चर्चेत सॉक्रेटिस सहज म्हणून जातो की कायद्याने सेनापती ज्योतिष्याच्या वर असतो, ज्योतिषी सेनापतीच्या वर नव्हे. प्लेटोने हे लिहिले तेव्हा त्याच्या वाचकांना ठाऊक होते की इ.स.पू. ४१३ मध्ये सिसिलीत, माघार घेण्याची घटका आलेली असताना, चंद्रग्रहण लागले म्हणून याच निकियसने ज्योतिष्यांच्या सांगण्यावरून सत्तावीस दिवस थांबायचे ठरवले, अथेन्सचे सैन्य त्यात नष्ट झाले आणि तोही मारला गेला. संवादात कोणी हे बोलत नाही. आम्हालाही ते पहिल्या वाचनात कळले नव्हते. कळल्यावर निकियसची भूमिका वाचणाऱ्या बँकेतील काकांनी तो सगळा भाग पुन्हा, पूर्वीपेक्षा हळू वाचला.

शौर्य म्हणजे काय हे इथेही ठरत नाही. शेवटी सॉक्रेटिस म्हणतो की आपण सर्वांनीच चांगला शिक्षक शोधावा, आधी आपल्यासाठी आणि मग मुलांसाठी, आणि या वयात शाळेत जाता म्हणून कोणी हसले तर हसू द्यावे. मुलांचे वडील त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी घरी बोलावतात आणि तो येतो म्हणतो. आमच्यात सर्वांत लहान वय ५९ आहे. ‘शिक्षक मिळेल हो, पण फी किती घेणार तो?’ असे वहिनींनी विचारले, आणि वकीलकाकांनी पाने मागे उलटून ती जागा काढून दाखवली, जिथे सॉक्रेटिस सांगतो की त्याला कधी शिक्षक मिळालाच नाही, कारण सोफिस्टांना, म्हणजे फी घेऊन शिकवणाऱ्या पंडितांना, द्यायला त्याच्याकडे पैसे नव्हते.